जवाईबापूंची जीप

जीपगाड्या विकायचं सोडून मला आता जमाना झाला, तरी कुठल्याही लग्नात कोणी ना कोणी खुर्ची ओढून शेजारी बसतो आणि विचारतो, "तुम्ही त्या लाइनीत होता ना? खरं सांगा, जुनी जीप चांगली की नवी?" मी विषय बदलतो. मठ्ठा घेतला का, जिलबी बरी झालीय का, असलं काहीतरी विचारतो. कारण या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर सासऱ्यांपासून सुरुवात करावी लागते, आणि सासरा हा विषय लग्नाच्या मांडवात काढू नये.

आमच्याकडे जावई असणं ही एक नोकरीच आहे. पगार नाही, पण मान इतका की चांगला माणूस बिघडतो. सासरी पाऊल ठेवलं की पायावर पाणी, बसायला पाट, ताटात बोट बुडेल एवढं तूप. आणि जावई बोलेल ते शहाणपणाचं. नवाच जावई होतो तेव्हा एकदा जेवताना मी वांग्याच्या भाजीला "दोडक्याची भाजी झकास झालीय" म्हणालो. सासरे एक घास थांबले आणि म्हणाले, "हो ना, दोडक्यावानीच लागून राहिली." त्याच क्षणी मला धोका कळायला हवा होता. मी भाजी पुन्हा वाढून घेतली.

माझी दुसरी नोकरी पगाराची होती. नागपुरातल्या एका शोरूममध्ये मी जीपगाड्या विकायचो. ऐंशीचं साल नुकतंच उलटलं होतं. रामदासपेठेत एका डॉक्टरांच्या बंगल्यामागे दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको राहत होतो आणि मी रोज सकाळी टाय बांधून इंजिनांविषयी बोलायला जात होतो. इंजिनाचं माझं ज्ञान बॉनेट उघडून, थोडं वाकून, "हं" म्हणण्यापुरतं होतं. पण ते "हं" मी असं म्हणायचो की गिऱ्हाईक आपोआप दोन पावलं मागे सरायचं.

सासऱ्यांचा संत्र्याचा बगीचा काटोलच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून बराच आत, एका नाल्याच्या काठाला. तिथं जीप ही चैन नव्हती. त्यांची पहिली जीप फौजेच्या लिलावातली. लढाई संपल्यावर स्वस्तात निघालेली, तिच्या बॉनेटवरचा पांढरा तारा हिरव्या रंगाखालून शेवटपर्यंत दिसायचा म्हणे. मी पाहिली ती दुसरी, साठ-बासष्टच्या सुमाराची. दारं नाहीत. समोरची काच बॉनेटवर आडवी पडायची. चाकांवरचे पत्रे पाटासारखे सपाट, त्यावर बसून लोक विड्या ओढत, संत्री सोलत, आणि माझ्या बायकोला लहानपणी त्यावर बसवूनच जेवू घालत. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन आखूड दांडे. ते ओढले की चारही चाकं लागत आणि ती नाल्याच्या वाळूतून, पोट ओढत जाणाऱ्या म्हशीसारखी, सावकाश पण बिनचूक पलीकडे निघायची.

पण तिचं खरं मोल मागच्या बाजूला होतं. तिथं तव्याएवढं एक लोखंडी चाक होतं. गिअरबॉक्समधून शाफ्ट काढून ते फिरवायची सोय त्या गाड्यांत असे. लाईन गेली, मोटारपंप बंद पडला, की मामाजी, म्हणजे माझे सासरे, जीप पाठमोरी विहिरीजवळ लावायचे, टायरांना दगड लावायचे, त्या चाकावरून पंपावर पट्टा चढवायचे आणि इंजिन सुरू करायचे. जीप जागच्या जागी उभी, आणि पाणी पाटातून पळायला लागायचं.

हे पाणी म्हणजे काय, ते बगीचावाल्यालाच कळतं. मला तेव्हा कळत नव्हतं, म्हणून तुम्हालाही सांगतो. संत्र्याच्या झाडाला फुलं यायची तर आधी त्याला तहानेलं ठेवावं लागतं. हिवाळ्यात पाणी तोडतात. पानं मलूल होतात, झाड मरतं की काय असं वाटतं. याला ताण देणं म्हणतात. मग संक्रांतीच्या पुढेमागे ताण तोडतात, पाणी सोडतात, आणि झाड अंगभर फुलतं. पण एकदा पाणी सुरू केलं की थांबता येत नाही. झाडाला दिलेला तो शब्द असतो. मध्येच पाणी तुटलं तर झाड फूल टाकून देतं, आणि फुलाबरोबर ते अख्खं साल जातं.

असं सगळं ठीक चाललं होतं. मग नवी जीप आली आणि तिच्यामागोमाग मी आलो.

कंपनीने म्हणे गाडी मुळापासून नव्याने घडवली होती. मुंबईहून एक गुळगुळीत माणूस आला आणि त्याने आम्हा विक्रेत्यांना सांगितलं की आताच्या गिऱ्हाइकाला जीप नको, जीपसारखी दिसणारी मोटार हवी. म्हणून डिझेल इंजिन, लांब अंग, कुलूप लागणारी दारं, वरखाली होणाऱ्या काचा, रेक्झिनच्या गाद्या, आणि समोर लाकडासारखा दिसणारा एक कागद चिकटवलेला. गाणी ऐकायची सोयसुद्धा होती. चारही चाकं लावायचे ते आखूड दांडे काढून टाकले होते, कारण "नव्या जमान्यात ते कोण वापरतं?" आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जरा जास्तच वाजवल्या, कारण मला नुकतीच बढतीची आशा लागली होती.

पहिलं गिऱ्हाईक घरचंच असावं असं मी ठरवलं. बायकोला घेऊन सासरी गेलो, पाटावर बसलो, आणि तुपात बोट बुडवून नव्या गाडीचं कीर्तन केलं. मामाजी ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"पट्टा चढते ना तिच्यावर, जवाईबापू?"

"चढते म्हणजे काय मामाजी! डिझेल आहे ते. पंप सोडा, पिठाची गिरणी चालवेल."

त्या गाडीची मागची बाजू मी तोवर एकदाच पाहिली होती, तीही पुसताना.

बायको भाकरी मोडता मोडता थांबली. "बाबा, गाडी पाहून तं घ्या पहिले. ह्यायचं काय, हे सायकलचीबी चेन बसवू शकत नाई."

"वं, जवाईबापू सांगून राहिले ना? मंग पाहाचं काय त्याच्यात?" मामाजी म्हणाले. "आणा."

झालं. जुनी जीप बदल्यात घेतली. आणि इथं माझी हुशारी बघा. ती जुनी जीप मी नागपूरला नेलीसुद्धा नाही. नाल्याच्या पलीकडे ज्याचा बगीचा होता त्या शेजाऱ्याला परभारे विकून टाकली. एका दिवसात, एका नाल्याच्या दोन काठांवर दोन सौदे! शोरूमच्या मालकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

नवी जीप घेऊन गेलो तेव्हा गावातली निम्मी माणसं जमली होती. हार घातला, नारळ फोडला, लिंबू चाकाखाली ठेवलं. मामाजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मागे गेले, वाकले, खालून पाहिलं आणि जरा जास्तच वेळ वाकलेले राहिले. मला वाटलं पाया पडताहेत. मग ते उठले, गुडघ्यावरची माती झटकली आणि लोकांकडे पाहून म्हणाले, "फस्क्लास!"

त्या एका शब्दावर मी पुढची दोन वर्षं कमावून खाल्ली. कुठलंही गिऱ्हाईक घोळ घालायला लागलं की मी म्हणायचो, "माझ्या बोलण्यावर जाऊ नका, वापरणाऱ्याला विचारा." आणि त्याला काटोलला घेऊन जायचो. अंगणात, कडुलिंबाखाली, गाडी धुऊनपुसून उभी असायची. मामाजी टोपी घालून बाहेर यायचे.

"कशी आहे गाडी, काका?" गिऱ्हाईक विचारायचं.

"घरात बसल्यावानी वाटते, साहेब."

"डिझेल किती खाते?"

"काय खाते! लागतच नाई म्हणा ना."

"धूळबीळ आत येते का?"

"काच लावली का कण येत नाई. लेकरं आतमंदी बसून अभ्यास करतेत."

मी अभिमानाने गिऱ्हाइकाकडे पाहायचो. ती गाडी अंगणातून फारशी हलतच नाही, आणि मामाजी खोटं असं काहीच बोलत नाहीत, हे माझ्या डोक्यात कसं शिरलं नाही? शिरायला जागा नव्हती. तिथं माझी बढती बसली होती.

मग ते फुलांचे दिवस आले. हिंगण्याला कारखान्यांच्या शेड बांधणारा एक कंत्राटदार मला तीन-चार गाड्यांचं आमिष दाखवत होता. चौकस माणूस. त्याला खडकाळ, वाळूच्या जागी जाणारी गाडी हवी होती. मी म्हटलं चला. त्याच्याच मोटारीतून निघालो. बायकोही आली, बगीचा फुललेला पाहायचा म्हणून. बगीच्याच्या वळणावर संत्र्याच्या फुलांचा वास आला, नेहमीपेक्षा जड, थोडा आंबूस. आत शिरलो तर झाडांखालची जमीन पांढरीशुभ्र.

मी मोटारीतून उतरलो, हात पसरले आणि म्हणालो, "बघा साहेब! पायघड्या घातल्यात आपल्यासाठी!"

कंत्राटदार "वा" म्हणाला. मामाजी टोपी सारखी करत पुढे आले आणि हसले. "हो ना. जवाईबापू येनार म्हणून."

बायको मात्र खाली बसली होती. तिने एक फूल उचललं, उलटं केलं, मग दुसरं उचललं. नुसती पाकळी गळाली तर त्यात काही नाही, ती गळतेच. ही फुलं देठासकट पडली होती, आणि प्रत्येकाच्या पोटात मोहरीएवढा हिरवा मणी होता. तो मणी म्हणजे संत्रं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी बुटाने ती फुलं बाजूला सारत गिऱ्हाइकाला वाट करून देत होतो.

"बाबा, हे काय हाये?"

"फुलं हायेत, माय."

"फुलं मलेबी दिसून राहिली. देठासकट काहून पडली? पाणी बंद हाये काय?"

"लाईन नाई ना. खांबावरची डीपी जळली. येईन आज-उद्या."

"कधीपासून नाई?"

"झाले... काही दिवस."

"अन् गाडी?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग पाहुण्याकडे. "गाडी फस्क्लास हाये. साहेब, तुमी चहा घ्यान का ताक?"

आता इथे शहाण्या माणसाने ताक घेतलं असतं. कंत्राटदाराने तेवढ्यात विचारलं, "समोरच्या नाल्यातून जाईल का ही?"

"आरामात!" मी म्हणालो.

"जवाईबापू," मामाजी घाईने म्हणाले, "ऊन लय झालं. नाल्याचं मंग पाहू. जेवून घ्या ना."

त्यांना यापलीकडे काही म्हणता येत नव्हतं. मी मात्र चावी घेऊन बसलो होतो. गिऱ्हाईक शेजारी. गाणं लावलं. काचा वर घेतल्या. उतारावरून नाल्यात उतरलो, वाळूत आलो, आणि नाल्याच्या बरोबर मध्यावर गाडीने आपली मागची दोन चाकं वाळूत पुरून घ्यायला सुरुवात केली. मी जोर दिला, ती आणखी बसली. मी आणखी जोर दिला. वाळू काचेवर आली. अखेर पोट टेकलं आणि इंजिनाने एक उसासा टाकून काम थांबवलं. गाणं चालूच होतं.

मी गाणं बंद केलं. शांत झालं, तेव्हा पलीकडच्या काठावरून एक आवाज ऐकू आला. टकटक टकटक, एकसुरी, न थकणारा. कंत्राटदाराने काच खाली केली.

"हे कसलं इंजिन चाललंय?"

मी तो आवाज ओळखला. कित्येक वर्षं त्याच जीपच्या पत्र्यावर बसून मी संत्री खाल्ली होती. पण "कोणाचा तरी पंप असेल" म्हणालो.

आवाज थांबला. थोड्या वेळाने झुडपांतून जुनी जीप बाहेर आली. काच बॉनेटवर आडवी, गाडीवर तो पलीकडचा शेजारी, बंपरला साखळी अडकवलेली. ती वाळूत उतरली, चारही चाकांवर चालत आमच्यापर्यंत आली आणि उभी राहिली. शेजारी उतरला नाही. बसूनच त्याने नव्या गाडीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"रामराम जवाईबापू. काय, पाय धुवाले थांबले काय?"

"जरा ट्रायल चालली होती," मी म्हणालो.

"हो हो. चालू द्या. साखळी लावू, का ट्रायल बाकी हाये आनखी?"

साखळी लावली. जुनीने नवीला बाहेर ओढलं. आम्ही दोघे मागून, वाळूत बूट ओढत, चालत वर आलो. चालता चालता कंत्राटदाराने शेजाऱ्याला हाक मारून विचारलं, "ही जुनी विकणार का?"

"हे विकली तं मी काय जवाईबापूंकडून नवी घेऊ काय, साहेब?"

काठावर मामाजी आणि बायको उभे होते. शेजाऱ्याने साखळी सोडली आणि अगदी साध्या मनाने, कोणाला टोमणा म्हणून नव्हे, बोलून गेला, "भाऊ, आता तं ऐका. किती दिवस म्हणून राहिलो मी, जीप आनतो, तुमच्या इहिरीवर पट्टा चढवू, माझं झालं का रोज दोन घंटे तुमचं पाणी. तुमी म्हणता नाई, जवाईबापू नव्या गाडीले शाफ्ट पाठवून राहिले नागपूरहून. कुठी हाये गा तो शाफ्ट? फुलं तं सारी खाली आली."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मामाजीही. त्यांच्या नजरेत एक विनंती होती आणि ती मला लगेच समजली. आयुष्यात समजू नयेत अशा गोष्टी मला फार लवकर समजतात. डीपी जळाली तेव्हा शेजाऱ्याकडे हात पसरायचा, तर जावयाने बिनपट्ट्याची गाडी गळ्यात मारली हे गावाला कळणार. म्हणून त्यांनी माझ्या नावाने एक शाफ्ट तयार केला होता, आणि त्या शाफ्टच्या भरवशावर झाडं तहानेली उभी होती.

आता इथेतरी खरं बोलावं की नाही? गिऱ्हाईक शेजारी उभं होतं. मी टाय सारखा केला.

"हो, ऑर्डर दिलीय," मी म्हणालो. "रस्त्यातच असेल."

मामाजींचा चेहरा उजळला. ते शेजाऱ्याकडे वळले. "पाहा. म्हटलं ना तुले? येऊन राहिला. तू कायले तकलीफ घेतं, जा, तुह्या झाडाले पाणी दे."

शेजारी खरंच गाडीत बसायला लागला.

"कोणता ऑर्डर?" बायको म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत ती पुढे बोलू लागली. "कोणी देला? कवा देला? शाफ्ट लागाले गाडीच्या खाली जागा तं पाहिजे! वर ओढली तवाच मी वाकून पाहून घेतलं. जागाच नाई तिथं." मग बापाकडे वळून, "तुमी दोघं एकमेकायचा मान ठेवा. झाडं मरू द्या."

"वं, हळू बोल. पाहुणे हायेत."

"पाहुणे हायेत तं पाहू द्या."

ती जुन्या जीपपाशी गेली, पत्र्यावर पाय देऊन शेजाऱ्याच्या बाजूच्या सीटवर चढून बसली आणि म्हणाली, "काका, चला इहिरीवर."

काका गेले. विहिरीला पाठ करून जीप लागली, टायरांना दगड लागले, पट्टा चढला. कंत्राटदार सगळं बघत उभा होता. परतताना तो माझ्याशी हवामानाशिवाय कशाबद्दलही बोलला नाही, आणि गाडी त्याने माझ्याकडून कधीच घेतली नाही. पुढे काही महिन्यांनी मालकांनी माझी पाठ पुन्हा थोपटली, ती निरोपाची.

पण ते नंतर. त्या दुपारी मी विहिरीपाशी मामाजींजवळ जाऊन उभा राहिलो. पाटातून पाणी पळत होतं आणि पाण्यावर पडलेली फुलं तरंगत चालली होती. इंजिनाच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागत होतं.

"मामाजी, गाडी आली त्याच दिवशी तुम्हाला दिसलं होतं ना?"

"काय?"

"चाक नाही ते! त्याच दिवशी दिसलं होतं ना?"

"हो."

"मग बोलला का नाही? एक शिवी द्यायची होती मला. मी दुसऱ्या दिवशी जुनी परत आणून दिली असती."

"जवाईले कोनी शिवी देते काय?"

"अहो, बगीचा गेला की!"

ते माझ्या कानाजवळ आले, कारण ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नव्हती. "बगीचा पुढच्या साली फुलते, जवाईबापू. पोरगी तं रोज तुमच्याच घरी राहते."

मी बायकोवर कधी आवाजही चढवलेला नाही, आवाज चढवायचं खातं आमच्या घरी तिच्याकडे आहे. पण हे त्यांना कोण सांगणार, आणि सांगितलं तरी ते विश्वास का ठेवतील? इतकी वर्षं मी ज्याला मान समजून तुपात बोट बुडवून बसलो होतो, ती एका बापाची धास्ती होती. पायावरचं पाणी, पाट, ते "फस्क्लास", सगळी लाच. आपल्या मुलीशी नीट वागावं म्हणून घराघरांतून रोज दिली जाणारी. त्या साली त्यांनी ती जरा जास्त दिली, एवढंच.

आणि गाड्यांचं म्हणाल तर, नवी जीप वाईट होती असं मी आजही म्हणणार नाही. डॉक्टरांना, साहेबांना, लग्नाच्या वरातींना ती उत्तम होती. तिला फक्त मातीत घालायचं नव्हतं. जुनीच्या आईने, म्हणजे त्या फौजेतल्या जीपने, आणि जुनीने जी कामं केली, त्यातलं एकही तिला येत नव्हतं, आणि तशी ती येऊ नयेत म्हणूनच तिला नव्याने घडवलं होतं. आम्ही नाव तेवढं तेच ठेवलं, कारण नावावर विश्वास ठेवणारी माणसं अजून शिल्लक होती.

पाणी उशिरा आलं होतं. झाडं वाचली. फळ धरलं ते नाल्याकडच्या खालच्या दोन-चार ओळींत, तेही तुरळक. काढणीच्या वेळी व्यापारी बांधावरूनच पाहून निघून गेला, आत शिरला नाही.

त्या हिवाळ्यात एक दिवस सकाळीच मामाजी रामदासपेठेत आमच्या दारात उभे. एसटीने आले होते. खांद्यावर संत्र्यांची करंडी, वर भाताचं तणस, तोंड सुतळीने शिवलेलं. जावयाकडे दरसाल करंडी जातेच, तशी ती आणली होती. बायकोने सुतळी तोडली, तणस बाजूला केलं आणि हात आत घालून थांबली. घरची संत्री कधी सारख्या मापाची नसतात. लहानमोठी, एखाद्याला पान चिकटलेलं, एखादं एका बाजूने हिरवं. ही सगळी एका मापाची, पुसलेली, बाजारात निवडून रचलेली होती.

तिने बापाकडे पाहिलं.

"घरचीच हायेत," मामाजी म्हणाले. "खालच्या ओळीतली. खा ना, जवाईबापू."

मी एक उचललं, सोललं, फोड तोंडात टाकली. गोड होतं. काटोलच्या बाजारातलं चांगलंच असतं.

"वा, मामाजी," मी म्हणालो. "घरच्या बगीच्याची चवच वेगळी."

"हो ना," ते म्हणाले आणि त्यांचे खांदे सैल झाले. "घ्या आनखी."

बायकोने सालं गोळा केली आणि आत गेली. मी दुसरं संत्रं सोलायला घेतलं.